पाट्यांवरची बाराखडी : लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचे शिक्षण

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीच्या व्यासपीठावरून एक विधान हमखास केले जाते. अण्णाभाऊ अवघे दीड दिवस शाळेत गेले आणि त्यांनी पस्तीस कादंबऱ्या लिहिल्या, असे ते विधान. वक्ता येथे क्षणभर थांबतो, टाळ्या पडतात आणि भाषण पुढे सरकते. विधानात खोटे काही नाही. तरीही त्या टाळ्यांच्या वेळी आम्हा शिक्षकांच्या मनात थोडी अस्वस्थता दाटून येते. समोर बसलेला सातवीतला मुलगा यातून काय घेऊन घरी जात असेल? शाळेवाचून कोणाचे काही अडत नाही, प्रतिभा असली की पुरे, हेच ना? आणि त्याच्या शेजारी बसलेली त्याची आई, सही करताना जिचा हात आजही थरथरतो, ती काय समजत असेल? ही माणसे वेगळ्या मातीची होती, आपले शिकण्याचे वय केव्हाच सरले, असेच तिला वाटत असणार.

त्या दीड दिवसाच्या आणि पस्तीस कादंबऱ्यांच्या मध्ये सुमारे वीस वर्षे उभी आहेत. ती अण्णाभाऊंनी हमालीत, मजुरीत, गिरणीच्या दारात आणि चळवळीत काढली, आणि त्याच वर्षांत ते आधी वाचायला व मग लिहायला शिकले. भाषणांतून ही वर्षे नेमकी गाळली जातात. या स्मरणिकेत आम्ही मुख्यतः त्यांच्याविषयीच लिहिणार आहोत.

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावचा. वाळवा तालुक्यातले हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. आईचे नाव वालुबाई. वडील भाऊराव पोटासाठी मुंबईला असत. घर मांगवाड्यात, जमीन जवळपास नाहीच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक तारीख आठवल्यावाचून राहत नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता साळवे या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेची विद्यार्थिनी. त्याच साली फुले दांपत्याने दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. म्हणजे मातंग समाजाची मुलगी वर्तमानपत्रात लिहिते आणि कष्टकरी प्रौढ माणूस दिव्याच्या उजेडात पाटी गिरवतो, या दोन्ही गोष्टी पुण्यात घडून गेल्या होत्या. त्यानंतर पासष्ट वर्षांनी अण्णाभाऊ जन्मले. ते तीन वर्षांचे असताना मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सरकारी शाळाही अस्पृश्यांना खुल्या असल्याचे जाहीर झाले. कागदावर दार उघडले होते. वाटेगावात ते किती उघडले, हे त्या दीड दिवसावरून समजते.

त्या दीड दिवसात काय घडले याच्या कथा वेगवेगळ्या तपशिलांनी सांगितल्या जातात. मास्तरांचा मार आणि जातीवरून झालेला अपमान हे त्यातले समान सूत्र. मुलगा पुन्हा शाळेकडे फिरकला नाही. अण्णाभाऊंनी शाळा सोडली असे म्हणण्याचा प्रघात आहे. शाळेने त्यांना ठेवून घेतले नाही, असे म्हणणे आम्हाला इतिहासाला अधिक धरून वाटते. येथे दुसऱ्याही एका वहीचा उल्लेख केला पाहिजे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने मांग, रामोशी अशा जमातींवर हजेरी लादली होती. ठरल्या वेळी चावडीवर जाऊन आपण गावातच असल्याची नोंद करायची, नाही तर शिक्षा. ‘फकिरा’ कादंबरीत ही हजेरी वाचताना अंगावर काटा येतो. मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर दोन दिवस टिकू न देणारे गाव त्याच वाड्यातल्या मोठ्या माणसांची चावडीवरची हजेरी मात्र चुकू देत नव्हते. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

शाळा नसली तरी शिक्षण थांबले नव्हते, हेही सांगायला हवे. दांडपट्टा, रानातल्या वाटा, पाखरांचे आवाज, जत्रेतला तमाशा, हलगीचा ठेका, शाहिरांचे पोवाडे आणि म्हाताऱ्यांच्या तोंडच्या बंडखोरांच्या कथा, एवढे सगळे त्या मुलाने कानांनी आणि डोळ्यांनी साठवले. अक्षर न येणारा माणूस रिकामा असतो, ही आम्हा शिकलेल्यांची मोठी गैरसमजूत आहे. त्याच्यापाशी हजारो शब्द असतात, म्हणी असतात, गाणी असतात, बाजारातला तोंडी हिशेब असतो. नसते ती त्यांची लिपी. प्रौढ माणसाला शिकवताना हे विसरले की शिकवणारा त्याला लहान मूल समजू लागतो आणि शिकणारा तिसऱ्या दिवशी वर्गाला येत नाही.

१९३१ साल हे दुष्काळाचे आणि मंदीचे. वडिलांनी सारे कुटुंब मुंबईला न्यायचे ठरवले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करीत, मुक्काम करीत, काही महिन्यांनी ही माणसे पायी मुंबईला पोहोचली. अण्णाभाऊ तेव्हा अकरा वर्षांचे होते. वय मुलाचे असले तरी जिणे कामकऱ्याचे सुरू झाले होते. भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड लागले. मग हमाली झाली, घरगड्याचे काम झाले, हॉटेलातली कपबशी झाली, कोळसे उचलणे झाले, श्रीमंतांची कुत्री सांभाळणेही झाले.

याच फिरतीत अक्षरांशी त्यांची पुन्हा गाठ पडली. या वेळी मास्तर नव्हते. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे हे त्यांचे पहिले पुस्तक झाले. या गोष्टीकडेही आपण कौतुकाने पाहतो आणि पुढे जातो. आम्ही मात्र तीस वर्षे खडू हातात धरल्यामुळे येथे थोडे थांबू इच्छितो, कारण शिकण्याच्या दृष्टीने ही घटना बारकाईने पाहण्याजोगी आहे.

पाटीवरचा शब्द एकटा नसतो. तो ज्याचा शब्द, ती वस्तू पाटीखालीच मांडलेली असते. चहाच्या दुकानावर चहा, किराण्याच्या दुकानावर किराणा. शब्द आधीच तोंडात आहे, वस्तू डोळ्यांपुढे आहे, फक्त त्या दोहोंना जोडणारी खूण ओळखायची आहे. एका पाटीवरचा ‘च’ दुसऱ्या पाटीवर भेटला की तो ओळखीचा होतो. सिनेमाच्या पोस्टरवर नाव असते, ते नाव साऱ्या चाळीला पाठ असते. त्या पाठ नावावरून अक्षरे उलगडत जायची. पुढे १९६० च्या दशकात ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी मजुरांना शिकवताना त्यांच्याच जगण्यातले शब्द निवडून त्यांवरून अक्षरांकडे जाण्याची रीत बसवली आणि ती जगभर नावाजली गेली. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सारी बाराखडी घोटल्याशिवाय पहिला शब्द वाचायचा नाही, ही आमची रीत लहान मुलांना कशीबशी चालते, दिवसभर राबून आलेल्या माणसाला ती उबग आणते.

अर्थात हे सोपे होते असे कोणी समजू नये. मुंबईच्या रस्त्यावर मराठीबरोबर गुजराती, इंग्रजी आणि उर्दूच्याही पाट्या शेजारी शेजारी लटकत. त्यांतून आपली लिपी वेगळी काढणे हेच आधी शिकावे लागे. पोस्टरवरची अक्षरे तिरपी, फुगीर, नक्षीदार. जोडाक्षराचा तर कोणताच नियम पाटी समजावून सांगत नाही. डोक्यावर ओझे असताना मान वर करून पाटी वाचायची आणि मुकादमाची हाक आली की पुढे चालू लागायचे. असा हा वर्ग होता. त्याला घंटा नव्हती आणि सुटीही नव्हती.

मोठे झाल्यावर अण्णाभाऊ मोरबाग गिरणीत कामाला लागले. गिरणगावात अक्षर आणि अंक यांची किंमत फार रोखठोक होती. बदली कामगार पहाटे दारात उभा राहायचा, काम मिळाले तर त्या दिवसाची हजेरी. पगाराच्या दिवशी हातात पडलेली रक्कम बरोबर आहे की नाही, दंड किती कापला, का कापला, हे ज्याला वाचता येत नसे त्याला विचारताही येत नसे. सावकाराच्या वहीवर अंगठा उठवणाऱ्याला मुद्दल किती आणि व्याज किती हे सावकारच सांगायचा. रुपयाला महिन्याला दोन आणे व्याज म्हणजे वर्षाला दीडशे टक्के. आठ महिन्यांत मुद्दलाइतके व्याज होते आणि मुद्दल तसेच राहते. हा हिशेब पाचवीच्या मुलाला येतो, पण ज्याला तो मांडता आला नाही त्याचे आयुष्य त्या वहीत गेले. बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान का दिले, हे समजायला मोठ्या ग्रंथांची गरज नाही. आमच्या शाळेच्या दाखल-पुस्तकाची जुनी पाने उलटली तरी पालकांच्या सहीच्या रकान्यातले निळे अंगठे सारे सांगून जातात.

मधल्या काळात अण्णाभाऊ गावी परतले होते आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात रमले होते. तोंडी परंपरेची ती पक्की तालीम ठरली. त्यांच्या शिक्षणाला खरी दिशा मिळाली ती मात्र मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात. महाडच्या सत्याग्रहाच्या संघटनेत पुढाकार घेणारे आणि पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेलेले कॉ. रा. बा. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते या वस्तीत वावरत होते. तेथे सभा होत, पत्रके वाटली जात, वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई आणि वाचलेल्यावर वाद झडत. पाट्यांनी अण्णाभाऊंना अक्षरे दिली होती. वाचायला मजकूर आणि वाचण्याला कारण लेबर कॅम्पाने दिले. आमच्या मते हा टप्पा पहिल्याहून महत्त्वाचा आहे. साक्षरता वर्गात सही शिकून घेतलेली कितीतरी माणसे वर्षभरात पुन्हा अंगठ्यावर येतात, कारण वाचावे असे त्यांच्या हातात काही पडत नाही आणि वाचलेले बोलायला कोणी सोबत नसते. अण्णाभाऊंना ती सोबत मिळाली. ते एकट्याने घडले, ही दंतकथा आपण टाकून दिली पाहिजे.

लिहिण्याची सुरुवात फार घरगुती विषयावर झाली. लेबर कॅम्पात डासांनी उच्छाद मांडला होता. त्या डासांवर त्यांनी गाणे रचले आणि ते वस्तीला फार आवडले. नवशिक्या प्रौढाने काय लिहावे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. ज्याने रात्रभर झोप दिली नाही त्याच्यावर लिहावे. पुढे स्पेनमधील लढ्यावर पोवाडा आला आणि १९४३ साली स्टालिनग्राडचा पोवाडा. ज्या माणसाने काही वर्षांपूर्वी किराणा दुकानाची पाटी लावून लावून वाचली, तो आता हजारो मैलांवरच्या लढाईच्या बातम्या वाचून, त्यातले बारकावे समजून, त्या डफ-तुणतुण्यावर गिरणी कामगारांना सांगू लागला होता. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. बंगालचा दुष्काळ, अमळनेरचे हुतात्मे, ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ‘माझी मैना’ ही छक्कड, हा सारा प्रवास वाचकांना परिचित आहे. सरकारने त्यांच्या तमाशावर बंदी घातली, तेव्हा तमाशाचे लोकनाट्य झाले आणि प्रयोग चालूच राहिले.

गद्य लेखन उशिरा आले. ‘माझी दिवाळी’ ही कथा १९४९ साली ‘मशाल’मध्ये छापून आली, तेव्हा अण्णाभाऊ एकोणतीस वर्षांचे होते. गाणे कानावर तोलता येते. कथेला मात्र कागदावर उभे राहावे लागते. वाक्य, परिच्छेद, विरामचिन्हे यांची शिस्त लागते. ही शिस्त त्यांनी वाचनातून कमावली. मॅक्झिम गॉर्की हा त्यांचा जिवलग लेखक. तोही पोरका, पडेल ते काम करीत वाढलेला आणि औपचारिक शिक्षण जवळजवळ न मिळालेला. त्याच्या लेखनात अण्णाभाऊंना आपली वस्ती दिसली असणार. ‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची कथा ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी. खाणीतले काम सुटलेला, पहाडासारखा भीमा मुंबईच्या उपनगरात प्रेतांच्या राखेतून सोने वेचू लागतो, एवढेच कथानक. पण उपासमार आणि माणुसकी यांच्यातली ती झटापट मराठीत त्यापूर्वी कोणी अशी लिहिली नव्हती.

त्यांच्या साऱ्याच कादंबऱ्या सारख्या तोलाच्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. काही घाईत, पैशाच्या निकडीने लिहिल्या गेल्या हे वाचताना जाणवते आणि ते सांगण्यात अवमान नाही. पण ‘फकिरा’ निराळी. १९५९ साली आलेल्या या कादंबरीला वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना आहे आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. दुष्काळात आपली माणसे जगावीत म्हणून धान्य लुटणारा आणि इंग्रज सरकारला आव्हान देणारा फकिरा चावडीच्या वहीत गुन्हेगार होता, अण्णाभाऊंच्या वहीत तो नायक झाला. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. बाबासाहेबांच्या व्यक्तीला नव्हे, लेखणीला, हे आम्ही दरवर्षी वर्गात मुद्दाम दाखवतो. अण्णाभाऊ अखेरपर्यंत मार्क्सवादी विचारांचे राहिले आणि आमच्या चळवळीतील काही मित्र त्यावरून आजही नाक मुरडतात. त्यांनी ते अर्पणपत्रिकेचे पान उघडावे. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, तेव्हा उद्घाटनासाठी अण्णाभाऊच उभे होते. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली आहे ही जुनी कल्पना त्यांनी तेथे नाकारली आणि तो भार दलितांच्या व श्रमिकांच्या तळहातांवर आणून ठेवला.

१९६१ साली ते सोव्हिएत रशियाला गेले. मित्रांनी पैसे जमवून त्यांना पाठवले होते. रशियन भाषा त्यांना येत नव्हती, म्हणजे मॉस्कोच्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्या त्यांच्यासाठी पुन्हा एकदा मुक्या झाल्या होत्या. दुभाष्याला सोबत घेऊन त्यांनी तो देश पाहिला आणि परतल्यावर ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला.

नाव झाले, चित्रपट निघाले, पुस्तके खपली. हिशेबाच्या वह्या मात्र दुसऱ्यांच्याच हातात राहिल्या. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे काढली आणि बरेचसे लेखन त्याच खोलीत केले. अखेरच्या काळात सरकारकडून गोरेगावला घर मिळाले. तेथे १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, ते गेले. २००२ साली टपाल खात्याने त्यांच्या नावे चार रुपयांचे तिकीट काढले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. तो तेथल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात आहे.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात ‘फकिरा’च्या दोन प्रती आहेत, ‘स्मशानातील सोनं’ वेगळे काढून मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे. भेटीच्या रविवारी दुपारी काही मुली ते आपल्या आईला वाचून दाखवतात, आणि काही आया बोट ठेवून स्वतः वाचू लागल्या आहेत. एका बैठकीत चार ओळी होतात, कधी दोन. पुस्तके पालकांच्या नावावरही नेता येतात. नोंदवहीत सही करावी लागते.